फिका पिवळा

ऑफिसात त्यांना सगळे रंगारीणबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळणाऱ्या तीनशे बारा बायका त्या ऑफिसातून कामाला जात, आणि त्या तीनशे बाराजणींची एक्सेल शीट बाईंनी एकोणीस वर्षं एकटीने सांभाळली होती. शीट कसली, गोधडीच ती! हिरवी चौकट म्हणजे काम सोडून गेली. निळी म्हणजे करखात्यात नाव माहेरचं आणि ऑफिसात सासरचं. गुलाबी म्हणजे घर बदललं. आणि फिकी पिवळी म्हणजे काय, ते बाई कुणाला सांगत नसत.

फिकी पिवळी म्हणजे हिच्या घरी कागद पाठवायचा नाही. एकीने नवऱ्याचं घर सोडलं होतं, पण कागदोपत्री पत्ता तोच होता. एकीच्या सासूला वाटत होतं की सून शिवणाच्या क्लासला जाते. एकीचा भाऊ हाताने मारायचा आणि वर तोंडानेही. या बायका बाईंच्या खुर्चीपाशी वाकून कानात सांगायच्या आणि जाताना हमखास म्हणायच्या, "पण कुठे लिहू नका हं, बाई." आता बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी कधीच लिहिलं नाही, नुसता रंग दिला.

दरवर्षी प्रत्येकीच्या कमाईच्या माहितीचा फॉर्म करखात्याला जाई आणि त्याची प्रत तिच्या घरी. पाकिटं बाई स्वतः भरत, त्यामुळे पिवळ्या चौकटीवाल्यांची पाकिटं गुपचूप खणात पडत आणि त्या येऊन घेऊन जात. एकोणीस वर्षांत बाईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

या वर्षी ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी सॉफ्टवेअर घेतलं. फाइल एकदा वर चढवली की फॉर्म खात्याकडे आणि प्रती टपालाने थेट घरोघरी. फक्त शीट साफ हवी. ती साफ करायला तीन दिवसांसाठी एक सॉफ्टवेअरवाला आला. पन्नाशीचा, टकलू, स्वतःचा कीबोर्ड बगलेत मारून फिरणारा. शीट उघडल्याबरोबर त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, हे इंद्रधनुष्य सुंदर आहे, पण मशीनला रंग कळत नाही. काय असेल ते रकान्यात लिहून द्या."

बाई एवढंच म्हणाल्या की काहींची प्रत घरी जायला नको. मग त्यानेच तोड सुचवली. 'प्रत कुठे पाठवायची' असा एक रकाना करू. घरी पाठवायची असेल तर घरचा पत्ता, नाही तर ऑफिसचा. का, ते लिहायची गरज नाही. बाई मनातून चाट पडल्या. एकोणीस वर्षांत इतकं साधं आपल्याला सुचू नये?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रकाना भरत बसल्या. फाइल पाच वाजायच्या आत जायलाच हवी होती. दुपारी अडीचच्या सुमाराला दोनशे आठव्या ओळीवर त्यांचा हात थबकला. ही ती नवऱ्याचं घर सोडलेली. समोरच्या खुर्चीत बसून घळाघळा रडली होती, आणि बाईंनी तिच्यादेखत चौकट पिवळी केली होती. पण आज ती पांढरीफटक दिसत होती. बाईंनी नाक पडद्याला टेकवलं, तरीही पांढरीच.

कारण त्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन छोटंसं आहे, उरकून टाका. बाईंनी ते टाळलं. वय एकसष्ट, नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि नव्या कराराचं पत्र याच आठवड्यात निघायचं होतं. डोळे अधू झालेत म्हटलं की मॅडम हातात नारळ देणार. मग उरलेलं आयुष्य घरात बसून भिंतींशी गप्पा मारायच्या, या विचारानेच त्यांना धडकी भरे.

त्यांनी गुपचूप बोटांवर मोजून पाहिलं. अडतीसजणी तोंडपाठ होत्या. पण अडतीसच होत्या की चाळीस? राहिलेल्या एकीच्या दारात पाकीट पडलं असतं, ते नको त्याच्या हाती गेलं असतं, कुणाच्या तरी पाठीवर वळ उठले असते, आणि बाईंना कधी कळलंही नसतं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला हाक मारली. "ही चौकट कुठल्या रंगाची?"

"पिवळी. फिकी."

"आणि खालची?"

"पांढरी."

"मला दोन्ही पांढऱ्याच दिसतात हो."

त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. "माझ्या आईचं असंच झालं होतं. ऑपरेशन करून घरी आली आणि मला बघून किंचाळली, अरे, तुझे केस कुठे गेले?"

बाईंना त्याही स्थितीत हसू फुटलं. त्याने रंगावरून ओळी गाळल्या आणि पिवळ्या तेवढ्या वर आणल्या. त्रेचाळीस निघाल्या. म्हणजे पाचजणी बाईंच्या आठवणीतून निसटल्या होत्या. अर्ध्या तासात त्रेचाळीस ओळींत ऑफिसचा पत्ता पडला. तो हात झटकून म्हणाला, "झालं काम!"

"नाही झालं." बाई म्हणाल्या. "गेल्या आठ महिन्यांत सतराजणी नव्या आल्यात. त्यांना रंग मीच दिलाय, याच डोळ्यांनी. कुणाला पिवळा म्हणून काय दिलंय, देव जाणे."

आता मॅडमपुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाई केबिनमध्ये गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. डोळे, रंग, खणातली पाकिटं, सगळं.

मॅडमचा पारा चढला. "आठ महिने? आणि मला आज सांगताय? तेही फाइल जायच्या दिवशी?"

"रागवा नंतर, मॅडम. आधी सतरा फोन करू द्या."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. "एकट्या कधी करणार? अर्धे मी करते," त्या तुटकपणे म्हणाल्या, आणि आपला फोन घेऊन बाहेर बाईंच्या टेबलापाशीच बसल्या.

बाईंच्या वाट्याला नऊजणी आल्या. एक पेशंटला आंघोळ घालत होती, ती ओरडून म्हणाली की कुठेही पाठवा, पण आत्ता फोन ठेवा. एकीने उलट बाईंचीच तब्येत विचारली. एकजण मात्र कुजबुजत म्हणाली, "ऑफिसातच ठेवा." मॅडमच्या यादीतल्या आठहीजणी सरळ "हो, घरीच पाठवा" म्हणाल्या, आणि मॅडमनी आठ ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या. साडेचार वाजले. सॉफ्टवेअरवाल्याचं बोट बटणावर गेलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. उचलला मॅडमनी.

"बाई आहेत का?" पलीकडून बारीक आवाज आला.

"मीच बोलले होते ना मघाशी तुमच्याशी. काय ते मला सांगा."

"नाही, म्हणजे... बाई नाहीत का?"

मॅडमनी फोन बाईंच्या हातात दिला. ती मुलगी गेल्याच महिन्यात लागली होती. "बाई, मघाशी मॅडम होत्या, म्हणून मी हो म्हटलं," ती भराभरा बोलू लागली. "पण घरी नका पाठवू. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. माझी तिथून निघायची तयारी चाललीय. त्याला एवढ्यात कळता कामा नये."

"सांगितलं होतंस, बाळ. चूक माझी आहे. आत्ता लिहिते. तू फोन ठेवू नकोस."

बाईंनी एकेक अक्षर बघून ऑफिसचा पत्ता टाइप केला, मॅडमकडून तपासून घेतला, आणि मगच तिला म्हणाल्या, "झालं. आता निश्चिंत राहा." पलीकडे तिने सोडलेला श्वास मॅडमनाही ऐकू आला असावा.

पाचला दहा कमी असताना फाइल वर चढली. सॉफ्टवेअरवाल्याने कीबोर्ड बगलेत मारला आणि बाईंना वाकून नमस्कार केला. बाई आपला डबा पिशवीत भरू लागल्या. पुढचं त्यांना दिसत होतं, त्याला डोळे लागत नव्हते.

"ऑपरेशनला किती दिवस लागतात?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही डोळे मिळून महिनाभर म्हणतात."

"महिना घ्या. करारावर सही करून जा." मॅडम सतराजणींची ती यादी हातात धरून उभ्या होत्या. आठ खुणांपैकी एक त्यांनी खोडली होती. "टायपिंगला मला कुणीही मिळेल, बाई. पण माझ्या कानात कोण सांगायला येणार आहे?"