तेराव्याच्या भाषणाची काटछाट

व्यंकोजीरावांचा शेवटचा दिवस अगदी रोजच्यासारखा गेला. बंगळूरला राजाजीनगरच्या घरी इडली खाता खाता त्यांनी लेकीला नेहमीचा प्रश्न विचारला.

"वसू, लेखक लिहितो, दिग्दर्शक बसवतो, नट बोलतात. मग तू काय करतेस?"

"हे वाक्य कशाला, असं विचारते, अण्णा."

"आणि तरी ते तुला परत बोलावतात?"

वसुमती हसली. रंगभूमीवर पीएच.डी. केलेली, शहरातल्या नाटकमंडळींत ड्रामाटर्ग, म्हणजे संहितेची सल्लागार, म्हणून वट असलेली बाई. तालीम कन्नड असो की परिसंवाद इंग्रजी, ती एकच काम करी: संहितेतलं जास्तीचं काढून टाकणं. "पात्राने आपलं दुःख बोलून दाखवलं की ते खोटं होतं," हे तिचं लाडकं वाक्य. विद्यार्थी ते लिहून घेत. तिला स्वतःलाही ते फारच आवडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा झोपेतच गेले.

तेराव्याला पानं मांडण्याआधी घरातल्या एकाने दोन शब्द बोलायचे, ही त्यांच्या नात्यागोत्यातली रीत. धाकटा भाऊ श्रीहर्ष इलेक्ट्रॉनिक सिटीहून येऊन राहिला होता. तो म्हणाला, "अक्का, तूच बोल. माझ्याच्याने नाही व्हायचं. तुझा तर धंदाच हा."

वसुमतीने भाषण लिहिलं आणि सवयीने पेन्सिल उचलली. 'प्रेमळ' काढलं; ते दिसायला हवं, सांगायला नको. 'कर्तव्यदक्ष' कुठल्याही मृताला बसतं, म्हणून गेलं. 'पोकळी' तर पहिल्याच फटक्यात गेली. एका आठवणीपुढे समासात 'भावुक!' असं लिहून तिने तीही खोडली. अखेर उरलं अण्णांचं नाव आणि 'नमस्कार'.

अंबुआत्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "एवढंच? नाव तर आम्हाला ठाऊक आहे गं."

"आत्या, पुढे विराम आहे. विराम बोलतो."

"सरी, बरं. मग विरामालाच उभं कर. तू ये, पानं वाढायला लाग."

तरी वसुमती उभी राहिली. "अण्णांच्या बोलण्याची लय पाहिली तर..." आपलाच परिसंवादातला आवाज ऐकून ती थांबली. पुढच्या रांगेतल्या काकांचं लक्ष केव्हाच स्वयंपाकघराकडे गेलं होतं. श्रीहर्ष मान खाली घालून हुंदका गिळत होता.

तिने कागदाकडे पाहिलं. काढायला काही उरलंच नव्हतं. मग ती फोटोकडे वळली, पाठ सगळ्यांकडे करून. नटाने असं केलं असतं तर तिने तालीम थांबवली असती.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही मला फार आवडायचात. तुमच्याशिवाय मला करमत नाही हो."