बैलाच्या वाट्याची कणगी

मी कणगी बोलतेय. जरा घाईतच बोलतेय, कारण माझ्या पोटात पुन्हा काहीतरी वळवळतंय. आणि वरचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकलेलं असल्यावर माझ्यासारखीनं सांगायचं तरी कुणाला?

आष्टीकडच्या माळावर, निजामाच्या मुलखात माझा जन्म झाला. छबुबाईनं निरगुडीच्या फोका विणून मला उभी केली, आतून-बाहेरून सारवली, बुडाशी दाणे काढायला भोक ठेवलं आणि त्यात चिंध्यांचा बोळा कोंबला. घरातल्या दुसऱ्या कणगीतले दाणे माणसांचे. माझ्यातले बैलाचे.

हे असं का, ते मला सारवणाऱ्या हातांनीच सांगितलं. आदल्या साली छबुबाईच्या नवऱ्याचा, गहिनीनाथचा, हरण्या बैल गेला होता. जू घासून खांदा सुजला, पिकला, ताप चढला. पलीकडच्या गावात सटवा सालोत्री होता, म्हणजे जनावरांचा वैद्य. पण त्याचं औषध यायचं नगरहून, इंग्रजी हद्दीतून, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून. त्याला आधी दाम लागे, आणि घरात तर दामाच्या बदल्यात द्यायला दाणा नव्हता. "रिकाम्या हातानं कसं बोलवू?" म्हणत गहिनीनाथ गोठ्याच्या दारात बसून राहिला. लाजेपायी बसून राहिला, आणि बैल त्याच्या डोळ्यांदेखत गेला. हे सांगताना छबुबाई रडायची. माझ्या भिंतींत तिची आसवंही मिसळली आहेत.

मग सुगी आली. उरलेला गुलब्या शेजारच्या बंकटच्या बैलाबरोबर सावडीनं जुंपला होता. खळ्यावर ज्वारीची रास पडली, तशी गहिनीनाथनं आधी गुलब्याला राशीत तोंड घालू दिलं आणि मग त्याच्या वाट्याचे दाणे माझ्यात ओतले. उत्साह एवढा, की त्यांना नीट ऊनही दाखवलं नाही. तोंड लिंपलं आणि गुलब्याच्या कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, "तुज्या दुखन्याबिगर ह्या कणगीचा बोळा काडनार न्हाई. तुजी आन हाय."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! बंकट येऊन माझ्यावर थाप मारायचा. "लई शहाणा बे तू, गहिनीनाथ. बैलाच्या दुखन्याची सोय आदीच करून ठिवली." पाहुणे आले, सण आले, घरात नुसत्या अंबाडीच्या भाजीवर दिवस काढायची वेळ आली, पण कुणी माझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. माणसं एकदा हट्टाला पेटली, की पोटालासुद्धा दाद देत नाहीत.

पावसाळ्यात मला आतून खाज सुटली. सोंडे, दाणे पोखरणारे किडे! आधी कुठंतरी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. करकर, करकर. दाणे पोकळ होऊ लागले, अंग तापू लागलं. मला धड झोप नाही, चैन नाही. गोठ्यातून गुलब्याच्या घंटेचा आवाज आला, की जीव नुसता कासावीस व्हायचा. त्या मुक्या जनावराचा भरवसा माझ्यावर, आणि मी आतून भुगा होत चाललेली.

छबुबाईला संशय आला. सारवता सारवता तिनं माझ्यावर तळवा टेकला.

"आवं, कणगी गरम लागती. एकडाव उन्हात घालू दाणं."

"बोळा काडायचा न्हाई. बैलाची आन घेतलीया."

"मी खायाला मागते का? वाळवायाला मागते."

"आन ती आन."

ती पुन्हा सारवू लागली. मी ओरडत होते, पण कणगीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

दसरा झाला, रब्बीची पेरणी सुरू झाली आणि गुलब्याचा खांदा आला. तसाच सुजला, तसाच पिकला. पण या वेळी गहिनीनाथ घाबरला नाही. "औंदा भ्या कशाचं? आपली कणगी हाय की." माझ्यापुढं त्यानं टोपली ठेवली आणि बोळा ओढला.

पिठूळ भुगा सांडला. त्यात काळे सोंडे पळत सुटले. टोपलीत मूठभर धड दाणे पडले नाहीत. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

गहिनीनाथ मटकन खाली बसला. "आता रिकाम्या हातानं कसं..."

"त्यो शबुद पुन्हा काडू नका!" छबुबाई कडाडली. तिनं माणसांच्या कणगीचा बोळा ओढला, तळाशी उरलेल्या दाण्यांनी टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि त्याची वाट न बघता पलीकडच्या गावाला निघाली.

सटवा आला. त्यानं खांदा चिरून पू काढला, जखम धुतली, औषध भरलं. हात धुता धुता त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गहिनीनाथकडे.

"हरण्याच्या येळंला कावून बोलावलं न्हाई?"

"हातात काईच नव्हतं, मामा."

"औषदाला दाम लागतो रे. मला बोलवायला कशाचा लागतो? निदान शेक तरी सांगितला असता."

गहिनीनाथ हमसून हमसून रडला. माणसांनी तो हिवाळा कसाबसा पालेभाजीवर काढला, पण गुलब्या वाचला.

तेव्हापासून दर सुगीला माझं पोट रिकामं होऊ लागलं. जुनी ज्वारी उन्हात वाळवून घरची माणसं खायची आणि नवी, चांगली तापवलेली, निंबाच्या पाल्यासकट माझ्यात यायची. छबुबाई अधूनमधून बोळा काढून मूठभर दाणे नाकाशी धरायची. गुलब्या म्हातारा होऊन गेला, तरी ही रीत मोडली नाही.

पण यंदा छबुबाई गेली. सुगी आली नि गेली, मला कुणी उघडलं नाही. माझ्या फोका मोडल्यात, मी भिंतीला टेकून उभी आहे, आणि आत करकर सुरू झाली आहे. गोठ्यातला नवा बैल सकाळपासून वैरणीला तोंड लावत नाही. म्हातारा गहिनीनाथ नुसता येरझाऱ्या घालतोय.

आत्ता तो माझ्यापुढं थांबलाय. तिच्यासारखाच त्यानं माझ्यावर तळवा टेकलाय.

"गरम लागती," तो पुटपुटतोय.

लागणारच, बाबा. ती गेली म्हणून पुन्हा तसा बसून राहू नकोस. बोळा काढ, आणि आत काहीही निघो, सटवाला बोलाव.