निळ्या पिसाचं गाव

माझा मुलगा सुट्टीला कुठे जायचं ते ठरवतो आहे. लग्न झालं तेव्हापासून ठरवतो आहे. तेवढ्या काळात त्याच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली, समोरच्या शिंप्याने शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवलं, आणि आमचे राजे अजून ठरवताहेत. डोंगर म्हणतो, मग समुद्र म्हणतो, मग म्हणतो, नको, डोंगरच बरा. नुसतं तळ्यात-मळ्यात. सूनबाई बिचारी दरवर्षी बॅग भरते आणि दरवर्षी रिकामी करते. मी तिला बिचारी म्हणते खरी, पण तिची जीभही माझ्यापेक्षा फार आखूड नाही. नवऱ्यापुढे मात्र ती इतकी वर्षं गप्प राहिली, आणि त्याचाच मला राग.

बरं, हे सगळं चालतं कुठे, तर बॅगांच्या दुकानात. प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करायचं आमचं काम. खाली दुकान, वर घर. चाकं, हँडल, कुलपं मुलगा बघतो. चेन सूनबाई बसवते. कितीही हट्टी चेन असो, तिच्या हातात आली की मुकाट चालायला लागते. आतलं फाटलेलं अस्तर माझ्याकडे. शाळा माझी लवकर सुटली, पण सुई सुटली नाही. लोक सुट्टीला निघाले की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, आणि लोक परत आले की मोडकंतोडकं सगळं आमच्या दारात येऊन पडतं. त्या दोन गर्दींच्या मधे थोडे दिवस रिकामे असतात. आमची सुट्टी म्हणजे तेवढीच फट. या वर्षीची फटही बुजत आली होती. रस्त्यावर लोक सुट्टीत घेतलेल्या नव्या टोप्या घालून फिरायला लागले की मी समजते, आता आले बॅगा घेऊन.

एक दिवस चहा पिता पिता सूनबाई नवऱ्याला म्हणाली, "हे बघ, या वेळी बॅग भरली की मी ती परत रिकामी करणार नाही. तू आलास तर बरं. नाहीतर एकटी जाईन. आणि एकटीने जायची मला एकदा सवय लागली ना, की मग तू बस ठरवत."

तो म्हणाला, "जाऊ ना. नक्की जाऊ. फक्त जागा नीट सापडू दे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ती ओरडली असती तर मी काळजी केली नसती. ती हळू बोलली होती.

आता त्याची जागा शोधायची तऱ्हा सांगते. आमच्याकडे रीत आहे. बॅग कामाला घ्यायच्या आधी टेबलावर पांढरी चादर अंथरायची, सगळे कप्पे उघडायचे आणि बॅग उलटी करून झटकायची. आमच्या ह्यांनी घालून दिलेली रीत. गिऱ्हाइकाचं काही निघालं, कानातलं म्हणा, किल्ली म्हणा, तर पुडीत बांधून हँडलला अडकवायचं. उरलेली धूळ आपली. ह्यांना त्या धुळीत एवढंच बघायचं असायचं की चाकात काय अडकलंय, खारं पाणी लागून गंज चढलाय का. बघितलं की चादर बाहेर झटकून मोकळे. मुलाने मात्र त्याचा जपच मांडला. चिमूटभर माती बोटांत चोळणार, नाकाशी नेणार, डोळे मिटणार.

"आई, ही वाळू संध्याकाळपर्यंत गरम राहते. इथे लोक अनवाणी घरी जातात."

कधी एखादं वाळकं पान निघायचं. "इथे रस्त्यावर इतकी झाडं आहेत की दुपारीसुद्धा दिवा लावावासा वाटतो."

आणि खोटं कशाला सांगू, तो बोलायला लागला की माझी सुई हळू व्हायची. टेबलाच्या कडेला पाणी येऊन थांबल्यासारखं वाटायचं. भिंतीवर टांगलेल्या हँडलांची सावली लांब व्हायची, तेलाच्या डब्यात आभाळ दिसायचं. बोलण्यात त्याला तोड नाही. पण एका बॅगेतलं गाव आवडलं की दुसऱ्या दिवशी दुसरी बॅग यायची आणि पहिलं गाव पुसलं जायचं. "अजून एक बघू," म्हणायचा. बॅगा संपतात होय कधी?

तर त्याच आठवड्यात ती तपकिरी बॅग आली. आम्ही जेवायला वर गेलो असताना कुणीतरी समोरच्या शिंप्याकडे ठेवून गेलं होतं. शिंपी म्हणाला, "एक चाक तुटलंय, आतून फाटलीय, सावकाश येतो म्हणाले." कोण, कुठले, काही विचारलं नाही. त्याला मापं सोडून काही विचारायची सवय नाही.

चादर अंथरली, बॅग झटकली. आधी वाळू आली. पांढरी, बारीक, दाणान् दाणा सारखा, जशी पाण्याने वर्षानुवर्षं कुरवाळलेली. मग लाकडाच्या पातळ सोनेरी साली, बाळाच्या जावळासारख्या वळलेल्या. मग पाण्यात वाढणाऱ्या कसल्याशा गवताची वाळलेली हिरवी दोरी. आणि सगळ्यांत शेवटी, खाली पडायचं की नाही याचा विचार करत असल्यासारखं तरंगत, एक निळं पीस.

बॅगेतून वास येत होता, ओल्या दगडाचा आणि ताज्या लाकडाचा. दुकानात रबराचा आणि डिंकाचा वास असतो नेहमी, तो कोपऱ्यात जाऊन बसला.

"तळं आहे," मुलगा म्हणाला. "गोड्या पाण्याचं. खार नाहीये वाळूला."

"आणि काठावर कुणीतरी होडी करतंय," सूनबाई म्हणाली. ती आजवर या खेळात कधी आली नव्हती. "नवी होडी. तासताहेत अजून."

"निळे पक्षी आहेत."

"भरपूर असणार. नाहीतर बॅगेत पीस कसं शिरेल? माणूस बॅग उघडी टाकून पाण्यात पाय सोडून बसला असेल."

माझ्याकडे बघून दोघं थांबले. मी म्हटलं, "बघता काय? मला पाण्यात पाय सोडायला कुणी बंदी केलीय का?"

आणि मग माझा मुलगा ते बोलला, जे ऐकायला आम्ही दोघी इतकी वर्षं बसलो होतो. म्हणाला, "हीच. दुसरी बघायचीच नाही."

सूनबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. मी चष्मा पुसायला घेतला. काच स्वच्छ होती, तरी पुसली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. आम्ही तिघं काम करत होतो आणि तिघंही तिथे नव्हतो. तो चाकाच्या आसाला तेल देताना हात असा लांब, सावकाश फिरवायचा, जसं वल्हं मारतोय. फोनवर तो त्या तळ्याचे फोटो शोधायचा आणि कुठलंच तळं पसंत पडायचं नाही. एकाची वाळू पिवळी, एकाला झाडं कमी. सूनबाईला एक खोली दिसायची. खिडकी थेट पाण्यावर उघडणारी. "आई, ऊन पायांवर येईपर्यंत मी उठणार नाही हं तिथे. तुम्ही हाका मारू नका." मी म्हटलं, "मी कशाला हाका मारू? मी तरी उठलेली असेन का?"

माझं गाव मी त्यांना सांगितलं नाही. अस्तर शिवता शिवता मी तिथे जायची. लाकडी पायवाट होती, पाण्याच्या थोडी वरून जाणारी. तिच्यावरून मी चालत राहायची, हातात काही नाही, पिशवीसुद्धा नाही. पाणी इतकं शांत की निळा पक्षी वरून गेला की खालूनही एक जायचा. माणसं भेटायची, मान हलवायची, पुढे जायची. कुणाचं काही तुटलेलं नव्हतं. कुणी मला हाक मारत नव्हतं. मग खरंच कुणीतरी हाक मारायचं आणि मी दचकून बघायची, तर टाका सरळच्या सरळ गेलेला असायचा. त्या बॅगेला मी ठेवणीतलं कापड लावलं, राखाडी-निळं. असं गाव बघून आलेल्या बॅगेला साधं अस्तर लावायला माझा हात धजेना.

मालक आला तो सकाळी. ठेंगणा, गोल, कोटाच्या बाहीला पक्ष्यांचे दाणे चिकटलेले, कमरेवर एक हात. बॅग बघून खूश झाला. चाक फिरवून बघितलं, आत हात घालून अस्तर चाचपलं. "अहो, हे तर माझ्या कोटापेक्षा भारी झालं!"

सूनबाईला धीर धरवेना. "ते राहू द्या. आधी सांगा, कुठे गेला होतात?"

"कधी?"

"ही बॅग घेऊन."

"कुठे जाणार? गोदामात. गोदाम ते दुकान, दुकान ते गोदाम. या मागच्याच गल्लीत दुकान आहे माझं, पाळायचे पक्षी आणि मासे. पोती उचलवत नाहीत आता, कंबर धरते, म्हणून वाळू या बॅगेतून ओढतो."

"वाळू," मुलगा म्हणाला.

"काचेच्या टाक्यांत घालायची. धुऊन, चाळून येते. मासे मोठे नखरेल असतात."

"आणि पीस?"

"निघालं का पीस? तो आमचा एक छोटा पोपट आहे, निळा. पिंजरा उघडा राहिला की मेला थेट बॅगेत जाऊन बसतो. घर घेतल्यासारखा."

मला हसू फुटलं. आवरेचना. कुठलं तळं आणि कुठली होडी, मागची गल्ली! त्या लाकडी पायवाटेवरून मी इतके दिवस चालत होते ती एका पोपटाच्या शेपटीवर. पिंजरेवालाही माझं बघून हसायला लागला, का ते कळलं नसताना. पण मुलाकडे बघितलं आणि मी हसायची थांबले. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे आजवर मी जे जे सांगितलं, ते..." तो बोलता बोलता थांबला. मग लगेच सावरला, आणि तेच मला आवडलं नाही. "बघितलंत? म्हणून मी घाई करत नाही. फसायला होतं. या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी नीट चौकशी करून..."

सूनबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पिंजरेवाल्याला म्हणाली, "आणि ते लाकूड कसलं होतं? त्या साली?"

"पिंजऱ्यांत अंथरायचा भुसा. नदीच्या वरच्या अंगाला लाकडाची गिरणी आहे, तिथून येतो."

"तुम्ही गेलाय तिथे?"

"एकदा. काही नाही हो तिथे बघायला. गिरणी, पूल, राहायला दोन-चार खोल्या. दिवसभर करवत कानाशी. संध्याकाळी ती बंद झाली की मात्र..." तो थांबला. हात कमरेवरून खाली आला होता. "बंद झाली की नदी ऐकू येते. दिवसभर ती तिथेच असते, पण तेव्हा कळतं. मी असा झोपलो तिथे, जाग आली तेव्हा आपण कोण हे आठवायला वेळ लागला. बरं वाटलं हो, थोडा वेळ कुणीच नव्हतो."

त्याच्या कोटावरून एक दाणा टेबलावर पडला, तो आवाजही ऐकू आला.

"बस जाते?" सूनबाईने विचारलं.

"चौकातून. सकाळची."

"मी तिथे जाते उद्या."

"करवतीच्या आवाजात?" मुलगा म्हणाला. "अगं, निदान फोटो तरी बघ."

"मला बघायचाच नाही फोटो," ती म्हणाली, आणि वर बॅग भरायला गेली. तिच्या मागोमाग मीही गेले. माझी बॅग कुठे आहे हेच मला आठवेना. बॅगांच्या घरात माझी म्हणून एक बॅग नव्हती. शेवटी तिनेच तिच्या बॅगेत माझ्यापुरती जागा केली.

सकाळी खाली आलो तर हा टेबलाशी बसलेला. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, पायात मात्र काही नाही. बाहेर धुकं होतं. समोरच्या शिंप्याचं दुकान, दिव्याचा खांब, रस्ता, सगळं पुसट. कुठलंही गाव असावं असं. सूनबाई दारात बॅगेच्या हँडलला धरून उभी होती, पाठमोरी.

तो माझ्याशी हळू बोलला, तिला ऐकू जाऊ नये असं. "आई, गिरणी बंद असली तर? ओंगळ असली जागा तर? एक निवडली की बाकीच्या सगळ्या गेल्या ना हातातून. आत्ता सगळ्या आपल्या आहेत."

लहानपणी ताप आला की तो असाच बोलायचा. मला भरून आलं, पण मी ते गिळलं. कारण तो टेबलाकडे बघत होता आणि मी दाराकडे. ती निघाली नव्हती. बसची वेळ होत आली होती, चौक लांब होता, आणि ती एक पाऊल पुढे टाकत नव्हती, मागे वळूनही बघत नव्हती. एवढं मोठं समोर उभं होतं, आणि त्याला दिसत नव्हतं.

मी मुद्दाम आवाज चढवला, तिलाही ऐकू जावं म्हणून.

"जागांची तुला काहीएक पडलेली नाही. तू भित्रा आहेस. तू नेशील तिथे ही कंटाळली तर तोंड कुठे लपवू, याची तुला भीती. अरे, कंटाळेल ती. मीही कंटाळेन, आणि तुला बोलून दाखवेन. तिघं मिळून कंटाळू, घरी तेवढी तरी सवड कुठे मिळते? ती दारात खोळंबली आहे ती तुझ्यासाठी, आणि तिच्याइतकी बस काही वेडी नाही थांबायला. ऊठ. बूट घाल."