वेगळी वाटी

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये दर रविवारी दोघी बहिणी आईकडे जेवायला यायच्या. महिन्यापूर्वी धाकट्या रोवेनाने फोनवर पन्नास प्रश्नांची चाचणी सोडवली आणि भर जेवणात जाहीर केलं, "मला ऑटिझम आहे." तेव्हापासून ती आली की आवाज सोसत नाही म्हणून रेडिओ बंद, आणि पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत म्हणून तिची ग्रेव्ही वेगळ्या वाटीत.

थोरल्या हेस्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बटाट्याला ग्रेव्ही लागली की लहानपणापासून ओकारी यायची ती खरं तर हेस्टरला. तेव्हा आई ओरडायची, "हेकट कुठली! ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही." म्हणजे माझा तो हेकटपणा आणि हिचं ते निदान! गुरुवारी तिनेही गुपचूप तीच चाचणी सोडवली. जितके गुण जास्त, तितकी ऑटिझमची शक्यता जास्त; रोवेनाला बत्तीस होते, हेस्टरला एक्केचाळीस पडले. पण सांगायचं कुणाला?

आज आई ग्रेव्ही वाढायला आली, तेव्हा हेस्टरने ताटावर हात आडवा धरला. "आई, मलाही वेगळ्या वाटीत दे ना."

आईने तिचा हात बाजूला सारला. "पन्नाशीला आलीस, तरी धाकटीचं जे असेल ते तुला हवंच!" असं म्हणत तिने बटाट्यांवर ग्रेव्ही ओतली.