खटका पडला, बटण चालूच राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी टेबल-करवत आहे. माझं गोल पातं बघून दचकू नका. मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, पण माझ्या चिंतण्यानं काही होतही नाही, हेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. दूर समुद्रापारच्या जेपारा गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुत्रिस्नो यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना पाकदे, म्हणजे मोठे काका, म्हणायची. त्यांनी लोखंडी अँगलचे चार पाय जोडले, वर सागाची जाड फळी बसवली, पोटात मोटर टांगली आणि फळीच्या फटीतून पातं वर काढलं. पात्यामागे पोलादाची पाचर उभी केली, म्हणजे चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला आवळणार नाही. पात्यावर झाकण दिलं. मग मला न्यायला आलेल्या कास्मुरीला ते म्हणाले, "हे बघ, पातं लाकडाच्या वर दातभरच ठेव. त्याच्या रेषेत उभा राहू नकोस, जरा बाजूला सरक. शेवटची वीतभर फळी हातानं नाही, काठीनं ढकल. पातं बदलायचं असेल तर आधी वायर भिंतीतून उपट. बोटं काय बाजारात मिळत नाहीत, बाबा!"

"एवढं लग्नात भटजीसुद्धा सांगत नाही," असं आपल्याकडे कुणी म्हटलं असतं. कास्मुरी नुसता हसला, पण त्यानं सगळं ऐकलं. पहिली काही वर्षं तो खरंच तसाच वागला.

कास्मुरी नक्षीकार होता. उजव्या हातात मोगरी, डाव्या हाताच्या बोटांत पटाशी. फळी मी चिरायची आणि तिच्यावर वेली त्यानं उमलवायच्या. "तुझ्या फळ्या किती सरळ रे!" असं कुणी म्हटलं, की तो माझ्या लाकडावर थाप मारायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

अडचण होती ती विजेची. घराला नऊशे वॅटचं कनेक्शन. मी सुरू झाले, की घराला धापच लागायची. म्हणून कास्मुरी आधी ओरडायचा, "मुनिफा, भात!"

त्याची बायको मुनिफा आतून विजेच्या कुकरची पिन काढायची. नवऱ्याला ती कांग, म्हणजे अहो, म्हणायची. "काढला! आणि पंपही काढला! कांग, तुमच्या या सवतीला जेवू घालायला मी अख्खं घर उपाशी ठेवते हो!"

तरीही पुढच्या भिंतीवरच्या मीटरचा खटका दिवसातून सात-आठदा पडायचाच. मी मध्येच बंद व्हायचे. सुरुवातीला कास्मुरी लगेच माझं बटण बंद करायचा. पुढे कंटाळला. "परत दाबायचंच आहे, मग बंद कशाला करा?" असं म्हणू लागला. बटण चालूच राहायचं. मुनिफा पुढे जाऊन खटका वर करायची आणि मी आपोआप फिरू लागायचे. त्याला ते सोयीचं वाटायचं. माझा जीव मात्र टांगणीला लागायचा. एकदा खाच पाडायला त्यानं पाचर आणि झाकण काढून खिळ्याला अडकवलं. "उद्या लावतो," म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

अशातच त्याला गावच्या नव्या मशिदीच्या मिंबरचं काम मिळालं. शुक्रवारी ज्यावर उभं राहून प्रवचन देतात, ते लाकडी आसन. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावानं खुर्च्या कोरलेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काम मिळालं होतं. एक बाजू त्यानं तीन महिन्यांत वेलींनी भरली. मुनिफा येता-जाता त्या पानांवरून हात फिरवायची.

दुसऱ्या बाजूची फळी तो मागच्या पडवीत माझ्यावर चिरत होता. पाचर नव्हती, म्हणून लाकडानं मला आवळलं. मोटर कण्हली आणि खटका पडला. मुनिफा मासळी आणायला बाजारात गेली होती. घर गप्प. कास्मुरी वाकला आणि अडकलेला तुकडा डाव्या हातानं उपसू लागला.

तेवढ्यात मुनिफा पुढच्या दारानं आली. पंखा बंद दिसला. बिचारा उकाड्यात ताटकळत बसला असेल, असं तिला वाटलं. मासळीची पिशवीही खाली न ठेवता तिनं खटका वर केला.

मित्रांनो, मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. थांबले असते, पण थांबणं माझ्या हातात नाही. वीज आली की फिरायचं, एवढंच मला येतं. मी फिरले.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. पटाशी सावरणारी तीच दोन.

"मीच केलं, कांग. माझ्याच हातानं केलं," मुनिफा कितीतरी दिवस म्हणत राहिली.

"अगं, बटण मी चालू ठेवलं होतं. तुझा काय दोष?" तो समजवायचा. तिला ते पटत नसे.

शेजारी म्हणाले, "ही कैदाशीण आधी भंगारात काढा!" मलाही तेच हवं होतं. पण पटाशी धरता येत नाही म्हटल्यावर घर चालायचं कशावर? आता कास्मुरी माझ्यावर दुसऱ्या नक्षीकारांसाठी फळ्या चिरतो. मशिदीच्या लोकांनी मिंबर तसंच नेलं. एक बाजू भरलेली, एक कोरी. उरलेलं दुसऱ्या कुणाकडून कोरून घ्यायला कुणाचं मन झालं नाही.

आता माझी पाचर आणि झाकण जागेवर आहेत. मला वेगळी जाड वायर आहे, अर्थिंग आहे. वीज गेली की आपोआप बंद होणारं बटण आहे. वीज परत आली तरी माणसानं दाबल्याशिवाय मी हलत नाही. सगळं काही स्वस्तात झालं, फक्त उशिरा झालं. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर वीज गेल्यावर आधी तिचं बटण बंद करा, वायर काढा, मगच हात घाला. आम्ही यंत्रं तुम्हाला सावध करू शकत नाही हो.

एवढी सोय झाली, तरी मुनिफाचं समाधान होत नाही. मला सुरू करण्याआधी ती रोज पडवीच्या दारात येते आणि म्हणते, "कांग, हात दाखवा."

तो दोन्ही हात वर करतो. ती बोटं मोजते. आठ मोजून झाली, तरी ती थोडा वेळ बघतच राहते.