खंडेनवमीचा पंखा

सुधीरला आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक त्याची मुलगी आणि दुसरा सीवूड्सच्या एका गाळ्यात उभा असलेला फ्रिजएवढा राउटर. करावे, सारसोळे आणि आजूबाजूच्या सोसायट्यांचं इंटरनेट त्याच्या पोटातून जाई. कपाळावरच्या छोट्या पडद्यावर तो दोन आकडे दाखवी: आतलं तापमान आणि न थांबता चाललेले दिवस. खंडेनवमीच्या सकाळी दिवसांचा आकडा होता २९९९. संध्याकाळी सहाला तीन हजार होणार होते. राउटर क्षणभर जरी बंद पडला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. मुलीच्या दहावीच्या निकालाचीही सुधीरने एवढी वाट पाहिली नव्हती, पण हे घरी बोलायची सोय नव्हती.

सुधीरच्या कंपनीच्या मालकीणबाई, सरोजिनीबाई, यांनी नऊ वाजता हत्यारांची पूजा मांडली. चौरंगावर स्क्रूड्रायव्हर, पकडी, धूळ झाडायचा ब्रश, आणि मधोमध, दिसायला भारदस्त म्हणून, राउटरच्या पंख्यांचा ड्रॉवरसारखा कोरा स्पेअर खण. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम.

बारा वाजता राउटरचा आवाज बदलला. त्याच्यात पंख्यांचे दोन खण असतात, एकेकात तीन पंखे. वरचा खण गेला आणि खालचा एकटाच दोघांचं काम करू लागला. कुठल्याही ऑफिसात होतं तेच झालं. तापमान अठ्ठावन्नवरून साठावर आलं. पंचाहत्तरला राउटर स्वतःहून बंद होणार होता.

"बाई, तो नवा खण लागेल."

"कुठला?"

"तुम्ही ज्याच्यावर झेंडू वाहिलाय तो."

"उद्या घ्या."

"उद्यापर्यंत राउटर शिजेल."

"मग तो चौरंगावर दिलात कशाला?"

सुधीरने धनाजीकडे पाहिलं. धनाजी पूर्वी मार्केटात पोती वाहायचा. आता इथे शिड्या, केबली आणि दोष वाहायचा.

"बाई म्हनल्या, चांगलं दिसंल आसं कायतरी आन," धनाजी म्हणाला. "पकडीवर किती फुलं घालनार, सायेब?"

"माझ्या सासऱ्यांनी नवमीला कांदे तोलायचा काटा कधी हलवला नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "बाहेर ट्रक उभे राहिले तरी."

"काट्याला ताप चढत नव्हता, बाई. सणासुदीला लोकांचं नेट जाईल."

त्रेसष्ट.

"बाई, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?"

"दीड. का?"

"दीड दिवसाने उत्तरपूजा केली की झालं ना? मग हा तीन तासांचा पंखा समजा."

दीड दिवसाच्या विरोधात बोलणं म्हणजे स्वतःच्याच देव्हाऱ्याविरुद्ध बोलणं.

"ठीक. पण आरती पूर्ण व्हायची. आणि तुम्ही म्हणायची. दरवर्षी नुसते ओठ हलवता, मला दिसतं."

सुधीरने आरती म्हटली. एका कडव्यात घाई केली तर बाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी अक्षता वाहून बाईंनी खण, ब्रश आणि स्क्रूड्रायव्हर तसूभर सरकवले; उत्तरपूजा झाली. सदुसष्ट.

आता खणाच्या पात्यांत तांदूळ अडकलेले दिसले. पाठीमागच्या सोनेरी पिनांना तर बाईंनी मुद्दाम कुंकू वाहिलं होतं. खणाची तीच बाजू त्यांना मंगल वाटली होती. कुंकू कोरडं होतं म्हणून वाचलं. सुधीर ब्रशने पिना झाडत राहिला, धनाजी दाणे वेचत राहिला.

"एखादा आत गेला तर, सायेब?"

"भात होईल."

एकाहत्तर. सुधीरने मनगटाला पट्टा बांधून त्याचा चिमटा राउटरच्या उघड्या पत्र्याला लावला.

"ह्यो कशाला?"

"आपल्या अंगातली वीज त्याला लागू नये म्हणून."

"माझ्यात वीज आसती तर बायको जरा तरी बिचकली आसती."

चार स्क्रू सैल केले. जुना खण दोन बोटं ओढून सुधीर थांबला, कारण एक पातं अजून रेंगाळत फिरत होतं आणि त्याला बोटांची पर्वा नसते. पातं थांबल्यावर खण बाहेर काढला. भोकातून गरम वाफारा आला. त्र्याहत्तर. आता नवा खण दोन मिनिटांत बसायलाच हवा होता.

"पाठीवर द्या," धनाजी सवयीने वाकला.

"पाठीवर नाही. दोन्ही हात खालून. पिनांना बोट नको."

आयुष्यभर पोती उचललेल्या धनाजीने तो खण बारशाच्या बाळासारखा धरला. खण आत सरकला आणि अंगठाभर बाहेर अडकला. धनाजीने तळहात उगारला.

"ठोकायचं नाही," सुधीर हळू म्हणाला. "बाहेर घे. सरळ धर. पुन्हा."

चौऱ्याहत्तर. या वेळी खण खटकन बसला. तिन्ही पंखे एकदम उठले आणि ब्रशच्या तावडीतून सुटलेली हळद त्यांनी सुधीरच्या तोंडावर फुंकली. तापमान थबकलं, मग उतरू लागलं. बहात्तर. सत्तर.

बाईंनी हात जोडले. "सुधीर, हा बंद पडला असता तर नेट किती दिवस गेलं असतं?"

सुधीरला खोटं बोलता येत असे, पण तोंडाला हळद असताना जमेना. "दिवस नाही. बंद करून, खण बसवून, पुन्हा चालू करायचा. वीस मिनिटं."

"वीस मिनिटं."

"हो."

"मग इतका वेळ घाम कशाचा फुटला होता?"

"त्या आकड्याचा," धनाजीने पडद्याकडे बोट केलं. "संध्याकाळी तीन हजार व्हायचंत. सायेब आल्याबरुबर पयला त्योच बघत्यात."

बाईंनी आकडा पाहिला, मग सुधीरला पाहिलं. कुंकवात दोन थेंब पाणी घालून त्यांनी बोट बुडवलं आणि राउटरच्या कपाळावर, बरोबर दिवसांच्या आकड्यावर, ठसठशीत टिळा लावला. चारही आकडे झाकले.

"खऱ्या देवाची पूजा राहिलीच होती," त्या म्हणाल्या. "उत्तरपूजा उद्या, आरतीनंतर."

संध्याकाळी सहाला सुधीर राउटरसमोर खुर्ची टाकून बसला. कुंकवाखाली काहीतरी हललं असावं. पुसायचं फडकं हाताशी होतं, आणि ते कुणी पूजेला लावलेलं नव्हतं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि उरलेला, तापमानाचा आकडा वाचला. एक्कावन्न.