सात पोलिसगाड्यांची साक्ष

लव्हेल प्रुइटचा गुन्हा अमेरिकेतल्या टोलीडोच्या कोर्टाने मंगळवारी पुसून टाकला. बावीस वर्षांपूर्वी त्याने गोठवलेल्या कोंबड्यांचा ट्रक पळवला होता. आता कायद्याच्या दृष्टीने तो कुणीच पळवला नव्हता. 'कधी शिक्षा झाली आहे का?' या चौकोनापाशी त्याच्या आजवरच्या नोकरीच्या प्रत्येक अर्जाने प्राण सोडला होता. वकीलबाई म्हणाल्या, "आता खुशाल 'नाही' लिहा. कागद नष्ट झालेत."

गुरुवारी तो वृद्धाश्रमाच्या बसवर ड्रायव्हरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला. टेबलापलीकडे त्याच्याच चर्चमधल्या सिस्टर ओडेसा टिलरी बसल्या होत्या; त्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत.

चर्चमध्ये दर ईस्टरला लव्हेल साक्ष देई: आपण किती पापी होतो आणि प्रभूने आपल्याला कसं वर काढलं. पहिल्या वर्षी त्याने घडलं तसं सांगितलं. चार मिनिटांत आटोपलं, आणि मंडळी नुसती हातपंख्याने वारा घेत बसली. दुसऱ्या वर्षी त्याने एक पोलिसगाडी घातली. अकराव्या वर्षापर्यंत गाड्या सात झाल्या, वर हेलिकॉप्टर आलं आणि ट्रक ताशी नव्वद मैलांवर गेला. सिस्टर टिलरी पहिल्या बाकावर बसून ढसाढसा रडत.

आज त्यांचे डोळे कोरडे होते.

"ब्रदर प्रुइट, इथं 'नाही' लिहिलंय. कायद्याने मला पुढं विचारता येत नाही, आणि मी विचारत नाहीये. पण माझ्या बसमध्ये ब्याण्णव वर्षांच्या मिसेस गेन्स बसतात. साध्या वळणावर त्यांची कवळी निसटते."

"सिस्टर, ते हेलिकॉप्टर..."

"मी विचारलं नाही."

"नव्हतंच."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाड्या?"

"एकही नाही. कोर्टाच्या कागदात सगळं होतं, सव्वा पानात. दाखवलं असतं." पण तोच कागद नाहीसा करण्यासाठी त्याने दोन वर्षं खेटे घातले होते.

"मग झालं काय होतं?"

"दोन चौक गेलो. तिसऱ्याला लाल दिवा लागला म्हणून थांबलो, तिथंच डिझेल संपलं. मागं सगळे हॉर्न वाजवायला लागले. शेवटी मीच पोलिसांना फोन केला."

"म्हणजे प्रभूच्या घरात अकरा वर्षं थापा मारल्यात?"

"दहा. पहिल्या वर्षी खरं सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला डुलकी लागली होती."

सिस्टर टिलरींनी अर्ज पुन्हा वरपासून वाचायला घेतला. थापाड्या माणूस आणि बेफाम ड्रायव्हर यांतलं म्हाताऱ्यांना काय परवडेल, याचा त्या विचार करत असाव्यात.

"वेग किती होता?"

"वीस. मागचं दार नीट लागत नव्हतं. कोंबड्या रस्त्यावर पडल्या असत्या."

सिस्टरांनी पेन उचललं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "लाल दिव्याला थांबतो. मागच्यांची काळजी घेतो." मग म्हणाल्या, "सोमवारी सातला या. आणि या ईस्टरला खरं सांगायचं."

"सगळे झोपतील, सिस्टर."

"झोपू देत. ड्रायव्हर जागा असला की झालं."